डिजिटल, सुरी आणि हुकलेली वर्गणी

पत्र :

ताई, नमस्कार. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं जुनं दुमजली घर आहे, शाळेच्या अगदी समोर. निवडणूक कुठलीही असो, मतदान त्याच शाळेत. २०२४ च्या विधानसभेला गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी विचारलं, "काका, तुमच्या गॅलरीला आमच्या उमेदवाराचा डिजिटल बांधू काय?" डिजिटल म्हणजे फ्लेक्सचा फलक. मी बांधा म्हटलं. मतदानाच्या आदल्या दिवशी, १९ नोव्हेंबरला संध्याकाळी रस्त्यावर मतदान केंद्राची हद्द दाखवणारी पांढऱ्या फक्कीची रेघ पडली. आमचं घर रेघेच्या आत. शाळेत आलेल्या साहेबांनी सांगितलं, हे आज रात्रीत उतरवा. पोरांना चार फोन केले, एकानंही उचलला नाही. साडेअकराला मी कांदा चिरायच्या सुरीनं सुतळ्या कापल्या, डिजिटल गुंडाळला आणि मोरीत उभा करून ठेवला. सकाळी पोरांनी मोकळी गॅलरी बघितली. "काका फितूर झालं" असं गल्लीभर झालं. तेव्हापासून बोलणं तुटक. आणि २०२५ च्या गणपतीला मंडळ वर्गणीसाठी घरोघर फिरलं, आमचं दार सोडून. डिजिटल अजून माळ्यावर आहे. मिसेस म्हणतात, घर आपलं, गॅलरी आपली, साहेबाला 'जावा तुम्ही' म्हणायचं होतं. भाऊ म्हणतो, मुळात बांधूच द्यायचं नव्हतं. माझं चुकलं काय? आणि पुढच्या निवडणुकीला पोरं परत आली तर काय सांगू?

— मंगळवार पेठेतला एक वाचक

उत्तर :

तुम्ही बहुतेक माझ्याच वयाचे, पण पत्रात सगळी गल्ली तुम्हाला काका म्हणते, तर मीही काकाच म्हणते.

वर्गणी मागायला कुणी आलं नाही म्हणून झोप उडालेला माणूस फक्त पेठेत सापडतो. दुसरीकडं लोक दाराला कडी लावून, टीव्हीचा आवाज बारीक करून बसतात. तुम्हाला लागलं, कारण तुम्हाला नीट कळलंय की पोरांनी पैसे नाही सोडले, घर सोडलं. त्याच्याकडं येतेच. पण आधी तुमच्या घरातला वाद मिटवू, कारण तो सोपा आहे.

वहिनींचं म्हणणं ऐकायला झकास आहे, पण कायद्यात बसत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१. त्याचं कलम १३०. मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत मत मागायचं नाही, अमक्याला देऊ नका म्हणायचं नाही, मतदानालाच जाऊ नका असंही सांगायचं नाही, आणि सरकारी सूचना सोडून निवडणुकीसंबंधी कुठलाही फलक किंवा चिन्ह लावायचं नाही. आणि कुठं? तर 'सार्वजनिक किंवा खासगी' कुठल्याही जागेत. त्या 'खासगी' शब्दात तुमची गॅलरी येते, तुळशीकट्टा येतो आणि दारात लावलेली मोपेडही येते. घर तुमचं, प्रॉपर्टी कार्ड तुमचं, घरफाळा तुम्ही भरता, सगळं खरं. त्या एका दिवसापुरती गॅलरीची बाहेरची बाजू तुमची नाही.

दंड अडीचशे रुपयांपर्यंत. हसू नका. रक्कम किरकोळ असली तरी गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना वॉरंटची वाट बघावी लागत नाही. त्या रात्री साहेब 'उतरवा' म्हणून गेले, कागद करत बसले नाहीत, ही त्यांची माणुसकी. केंद्रावरच्या माणसाला त्या संध्याकाळी यंत्रं मोजायची असतात, खोलीत लाइट आहे का बघायचं असतं, पहाटे अभिरूप मतदानाला, म्हणजे यंत्रं तपासायच्या लुटुपुटुच्या मतदानाला, उमेदवारांचे एजंट वेळेवर येतील का याची धाकधूक असते. तेवढ्यातून तो बाहेर येऊन शांतपणे सांगतोय, म्हणजे काम अडवायची त्याची इच्छा नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि निवडणुकीची ड्युटी आमच्या पाचवीलाच पुजलेली. वर्षभर ज्या फक्कीनं खो-खोचं मैदान आखायचं, त्याच फक्कीनं रस्त्यावर ती रेघ पडायची. एकदा करवीर तालुक्यातल्या एका गावात मी केंद्राध्यक्ष होते. आदल्या दिवशी शाळेत पोहोचलो तर व्हरांड्यात नव्या खोल्यांच्या बांधकामाची कोनशिला, त्यावर ठळक अक्षरांत लोकप्रतिनिधीचं नाव. झाकणं भाग होतं. शिपाईमामांनी खळ कालवली आणि वर्तमानपत्राचं पान चिकटवून टाकलं. सकाळी सहाला एक पोलिंग एजंट माझ्यापुढं उभा. "बाई, तेवढं बघा जरा." बघते तर चिकटवलेल्या पानावर अर्धं पान भरून उमेदवाराची जाहिरात, हात जोडलेल्या फोटोसकट. मग मुलांच्या वह्यांचा उरलेला खाकी कागद शोधून वरून लावला. आम्ही दोघंही हसलो, पण त्या एजंटचं बरोबर होतं.

त्याच दिवशी दुपारी एक म्हातारे आले. धोतर, कोपरी आणि डोक्यावर प्रचारात वाटलेली चिन्हाची टोपी. पोलिसानं रेघेजवळ अडवलं. म्हातारे म्हणाले, "टोपी काढून बोडक्यानं आत जायाचं व्हय? आजपत्तोर गेलो न्हाई." आता काय करायचं? पोलीस पोरगाच होता, गोंधळला. म्हाताऱ्यानंच वाट काढली. टोपी काढली, उलटी केली, आतली पांढरी बाजू बाहेर आणून डोक्यावर घातली आणि आत गेले. बाहेर आल्यावर रेघ ओलांडली, परत सुलटी केली. मी खिडकीतून बघत होते. कलम १३० मला ट्रेनिंगच्या हॉलमध्ये कळलं नव्हतं, ते त्या टोपीनं कळलं.

आता मला जे खरं बोलायचंय त्यावर येते.

शहरातल्या मोठ्या रस्त्यावरचा डिजिटल म्हणजे जाहिरात. बघितली, विसरलं. पेठेतल्या डिजिटलचं तसं नसतं. तुमच्या गॅलरीवरचा डिजिटल आठवून बघा. मध्ये उमेदवार, वर नेते, आणि खाली शुभेच्छुकांची ओळ. ते शुभेच्छुक कोण? तुमच्याच गल्लीतली पोरं. गॉगल लावलेला एक, मोबाईल कानाला धरलेला एक. आता समोरच्या वाड्यातली एखादी विधवा बाई मतदानाला निघाली. तिला शाळेच्या दारात तो गॉगलवाला दिसतो. ह्याच पोरानं पुराच्या पाण्यात तिचं सामान वर चढवून दिलेलं असतं. ह्याच्याच ओळखीनं तिच्या मुलीला दवाखान्यात पलंग मिळालेला असतो. त्या फोटोनं तिला कुणी धमकावत नाही, कुणी काही मागतही नाही. फक्त भीड पडते. आपल्याकडं मतं पैशानं फिरतात असं लोक सहज बोलून जातात, पण भीडेनं किती फिरतात हे कुणी मोजत नाही, आणि मोजताही येणार नाही.

ती १०० मीटरची रेघ भीडेच्या विरुद्ध आहे असं मला वाटतं. प्रचाराला कुणाचीच ना नाही, दहा-बारा दिवस गल्लीत कर्णे वाजले, पदयात्रा झाल्या, घरोघर पत्रकं आली. शाळेच्या दारातली शेवटची शे-दीडशे पावलं मात्र त्या बाईला कुणाचं तोंड न बघता चालता यावीत, एवढंच.

खासबागेत तुम्ही कुस्त्या बघितल्याच असणार. मैदान भरलेलं असतं, वस्ताद बाहेरून ओरडून ओरडून घसा बसवतात, पैलवानाला डाव सुचवतात. पण सलामी झाली, हाताला हात लागला की हौद्यात पैलवान आणि पंच. वस्ताद कितीही मोठा असो, तांबड्या मातीत पाय टाकत नाही. पोरांना हे समजावायचं असेल तर याच भाषेत समजावा, कलमाचा नंबर सांगू नका. नंबर ऐकला की पोरं वकील होतात.

तर डिजिटल उतरवलात ते बरोबरच केलंत. त्याबद्दल माफी मागायची नाही. अजिबात नाही.

चुकलं ते दुसरीकडं. तीन ठिकाणी चुकलं, आणि तिन्ही ठिकाणी तुमच्यावरही भीडच पडली होती.

पहिलं, पोरांनी विचारलं तेव्हा तुम्ही 'बांधा' म्हणालात, 'कधी सोडणार?' हे विचारलं नाहीत. शाळेसमोर घर आहे, दर निवडणुकीला केंद्र तिथंच असतं, रेघ कुठवर येते हे तुम्हाला त्या पोरांपेक्षा जास्त माहीत. खरं तर आचारसंहितेत खासगी जागेवर झेंडा-फलक लावायला मालकाची परवानगी लागते, आणि ती लेखी घ्यावी अशीच अपेक्षा असते. आपल्या गल्लीत लेखी म्हटलं की लोकांना अपमान वाटतो, ते मला माहीत आहे. निदान तोंडी तरी दिवस ठरवायचा होता. नाही विचारलंत, कारण पोरांपुढं काका खडूस ठरले असते.

दुसरं, मोरी. काका, मोरी कशाला? मला कळतंय, गुंडाळलेला डिजिटल लांबलचक असतो, घरात उभा करायला तेवढीच जागा. पण सकाळी पोरांपैकी कुणीतरी आत आलं असणार किंवा शेजारणीनं बघून सांगितलं असणार, आणि गल्लीत बातमी अशी फिरली असणार की आमच्या उमेदवारसाहेबांना काकांनी मोरीत ठेवलं. सुतळी कापली याचं कुणाला काही वाटलं नसतं. जिन्याखाली ठेवला असतात, व्हरांड्यात आडवा टाकला असतात, तरी अर्धं भांडण झालं नसतं.

तिसरं, आणि मला वाटतं हेच मुख्य. सकाळी तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. रात्री फोन लागला नाही, ठीक. पण सहाला उठून कट्ट्यावर गेला असतात आणि "पोरांनो, साहेब येऊन गेले, रेघ आपल्या दारापुढं पडली, मी उतरवून ठेवलाय, घेऊन जावा" एवढं म्हटलं असतंत तर फितूर हा शब्द जन्मालाच आला नसता. तुम्ही गेला नाहीत, कारण पोरं काय म्हणतील ही धास्ती. मोकळी गॅलरी त्यांना बोलली, तुम्ही बोलला नाहीत. मोकळी गॅलरी बोलते तेव्हा फार वाईट बोलते.

भावाचं म्हणणं मला अर्धंच पटतं. 'बांधूच द्यायचं नव्हतं' हा सरसकट नियम करायचं कारण नाही. ज्याला मनापासून एखादा उमेदवार आवडतो, त्यानं दहा दिवस त्याचा फलक लावला तर बिघडलं काय? तोही नागरिक आहे. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठंच नाही : त्या उमेदवाराबद्दल तुम्हाला काय वाटत होतं. पोरांनी विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात, बस्स. म्हणजे गॅलरी तुम्ही उमेदवाराला नाही दिली, पोरांना दिली. असं असेल तर पुढच्या वेळी नाही म्हणायला शिका. आणि नाही म्हणायचं तर सगळ्यांनाच नाही. एकाला नाही, दुसऱ्याला हो, असं झालं की मग खरंच फितुरी होते.

मी स्वतः घराच्या भिंतीवर कुणाचंच काही लावू देत नाही. पण माझी भिंत शाळेसमोर नाही आणि माझ्या गल्लीत मंडळाची वीस पोरं रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसत नाहीत. तुमच्यापेक्षा मला ते सोपं जातं, एवढं कबूल करते.

समजा पुढच्या वेळी पोरं आली आणि तुम्हाला मनापासून हो म्हणायचं आहे. मग असं म्हणा : "बांधा. पण मतदानाच्या आदल्या संध्याकाळी सहाला शिडी घेऊन येऊन सोडायचं. शिडी तुमची, माणसं तुमची. सातला मी विचारत बसणार नाही." लोकसभा-विधानसभेला मतदान संपण्याआधी ४८ तास जाहीर प्रचार थांबतो, त्याच दिवशी सोडून घेतला तर सगळ्यात बरं. २०२४ ला मतदान २० नोव्हेंबरला होतं, प्रचार १८ ला संध्याकाळी संपला. पोरं त्यानंतर मोकळीच असतात. तुमचा फोन उचलला नाही तो भाग वेगळा.

महापालिकेच्या आणि झेडपीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांचे आदेश वेगळे निघतात. अंतरं-बिंतरं त्यात बघायची. पण फक्कीची रेघ दिसली की तिच्या आत काही लटकवायचं नाही, हे एवढं धरून चाललं तर कुठल्याच निवडणुकीत अडचण येत नाही. आणि कृपा करून टेप घेऊन वाद घालायला जाऊ नका. 'दारापासून मोजायचं की फाटकापासून' यावर एकदा दोन शहाणी माणसं तासभर भांडली होती आणि तोवर मागं रांग थांबली होती. रेघ ज्यांनी मारली त्यांची.

डिजिटल खूप उंचावर असेल, शिडी नसेल, रात्र झाली असेल, तर एक सोपा उपाय आहे. त्यावर जुनी चादर किंवा पोतं टाकून बांधा. दिसला नाही म्हणजे झालं. आमच्या कोनशिलेचं तेच केलं होतं.

दुसऱ्याच्या भिंतीवरचा फलक मात्र आपण हात लावून काढायचा नाही. कितीही चुकीच्या जागी असला तरी. तुम्ही तुमच्या गॅलरीला हात घातलात म्हणून निभावलं. समोरच्या घरावर विरोधी उमेदवाराचा दिसतोय म्हणून तुम्ही नाहीतर तुमची पोरं तो फाडायला गेलात तर प्रकरण वेगळंच होईल. केंद्रावरच्या पोलिसाला सांगा. लोकसभा-विधानसभेला १९५० वर फोन करता येतो. सी-व्हिजिल नावाचं अ‍ॅप २०१८ पासून आहे, त्यावर तक्रार टाकली की १०० मिनिटांत दखल घ्यायची असते. जागेवर उभं राहूनच फोटो काढावा लागतो, फोनमधला जुना फोटो चालत नाही. ही चांगली अट आहे, नाहीतर मागच्या निवडणुकीचे फोटो टाकून लोकांनी धुमाकूळ घातला असता.

आता तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या दारात दिवसभर जे चालतं ते डोळ्यापुढं येतंय म्हणून सांगते. उमेदवाराचं टेबल, म्हणजे पोरं जिथं बसून यादीत नाव शोधून चिठ्ठी देतात ते, पूर्वी २०० मीटरच्या बाहेर असायचं. मे २०२५ मध्ये निवडणूक आयोगानं ते १०० मीटरच्या पलीकडं लावायला परवानगी दिली. म्हणजे पुढच्या विधानसभेला ते तुमच्या घराच्या आणखी जवळ येणार. तिथं मिळणारी चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर हवी, तिच्यावर उमेदवाराचं नाव नको, पक्ष नको, चिन्ह नको. चिन्ह छापलेली चिठ्ठी घेऊन रांगेत उभं राहिलं की तो हातातला छोटा डिजिटलच. टेबलाभोवती घोळका, नाश्ता, वडा-पाव, हे आचारसंहितेत बसत नाही. चहाला कुणी फार बोलत नाही, पण तुमच्या घरातून किटली जाणार असेल तर दोन्ही टेबलांवर जाऊ दे. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी तसंच केलं होतं. दोन्हीकडच्या पोरांनी कप परत आणून दिले, धुवून.

गळ्यातलं उपरणं, छातीवरचा बिल्ला, टोपी, रिक्षाच्या मागचं स्टिकर, हे सगळं रेघेच्या बाहेर ठेवायचं. रिक्षा तुमच्या गल्लीतलीच असेल तर एका दिवसापुरती पुढच्या बोळात लावा. मोबाईलची रिंगटोनही बघा. प्रचाराचं गाणं ठेवलेलं असतं आणि रेघेजवळ नेमका बायकोचा फोन येतो, मग ते जोरात वाजायला लागतं. मतदान करून आल्यावर रेघेच्या आत बोटांनी चिन्हाच्या खुणा करणं, "कुणाला घातलंस गं?" म्हणून शेजारणीला मोठ्यांदा विचारणं, यातलं काही नको. एकदा एका बाईनं असंच विचारलं तेव्हा दुसरी म्हणाली, "मी घातलो बाई, ज्याला घालायचं त्याला. तू जा आता, दूध उतू चाललं असंल." आपल्याकडच्या बायकांना हे शिकवायची गरज नाही.

पण अति करू नका. निवडणुकीच्या चिन्हांत घड्याळ आहे, हात आहे, कमळ आहे, मशाल आहे, सगळी घरातलीच नाहीतर देव्हाऱ्यातली. दिवाणखान्यातलं घड्याळ उतरवून ठेवायचं कारण नाही, आणि वहिनींनी रोजच्यासारखी कमळाची रांगोळी काढली तर कुणी रेघ मारायला येणार नाही. मात्र रोज ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या घरी नेमकी मतदानाच्या सकाळी चिन्हाची काढली, तर त्यामागं कोण बसलंय ते गल्लीला कळतंच.

आता माळ्यावरचा डिजिटल. तो आज-उद्या खाली काढा. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे का बघा. कायद्यानं निवडणुकीच्या पोस्टर-पत्रकावर तो लागतो. नसेल तर पुढच्या वेळी पोरांना सांगायला तुमच्याकडं आणखी एक मुद्दा होईल, पण आत्ता तो काढू नका. आत्ता भांडायचं नाही. धूळ पुसा, नीट गुंडाळा, सुतळीनं बांधा आणि संध्याकाळी कट्ट्यावर पोरं जमलेली असताना घेऊन जा. एकटे जा, भावाला नेऊ नका. तो तिथं 'मी आधीच सांगितलं होतं' म्हणेल.

बोलायचं ते थोडकं. "डिजिटल मी काढला. रेघ आमच्या दारापुढं पडली होती, काढायलाच पाहिजे होता. रात्री फोन लागला नाही. पण सकाळी येऊन सांगायला पाहिजे होतं, ते राहिलं. आणि मोरीत ठेवायला नको होता." एवढंच. फितूर कोण म्हणालं ते विचारू नका. तो समोरच बसलेला असेल आणि मान खाली घालून मोबाईल बघत असेल, तेवढ्यावरून कळेल. कापड घेतील ते. त्याचा उपयोग अजून संपलेला नाही, पावसाळ्यात मंडपाच्या एखाद्या गळक्या कोपऱ्यावर तोच डिजिटल उलटा करून टाकलेला दिसेल.

मग खिशातून वर्गणी काढा. गेल्या गणपतीची. पोरं नको म्हणतील, "राहू द्या काका, पुढच्या वर्षी बघू" म्हणतील. तुम्ही तिथंच बसा आणि पावती मागा. गेल्या वर्षीचं पावती पुस्तक संपलं असेल तर साध्या कागदावर लिहून द्यायला सांगा. पावती लिहिताना पोराला तुमचं नाव विचारावं लागेल, तुमच्या घराचा नंबर लिहावा लागेल. तेवढं होऊ द्या.

आणि पुढच्या निवडणुकीला गॅलरीला काही बांधायचं ठरलंच, तर पोरं गाठ मारत असताना खाली उभे राहून बघा. निरगाठ मारू देऊ नका. सुरगाठ मारायला सांगा, एका हातानं ओढली की सुटते, सुरी लागत नाही.